नादारीचा अर्ज करण्याआधी

दारव्हा

प्रिय गजानन,

तुझं पत्र आणि समन्सची झेरॉक्स मिळाली. डिस्ट्रिब्युटरचा दावा, वर बँकेचं पीककर्ज आणि तुझ्या कृषी केंद्राची उधारी कास्तकारांकडे अडकलेली. अशात ‘नादारी, म्हणजे दिवाळखोरी, घेतो आणि सुटतो’ असं तुला वाटलं, ते मला कळतं. पण एका अर्जाने सुटका होत नाही रे.

आधी समन्सवर ‘ऑर्डर ३७’ (झटपट निकालाचा दावा) लिहिलंय का बघ. असेल तर मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. साधा दावा असेल तर लेखी कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) ३० दिवस, फार तर कोर्टाच्या परवानगीने ९०. नुसता नादारीचा अर्ज टाकल्याने दावा आपोआप थांबत नाही. नादार ठरवल्याचा हुकूम दाखवल्यावर कोर्ट दावा थांबवतं किंवा अटी घालून चालू ठेवतं. म्हणून वकीलपत्र आधी. खातेउतारा ओळ न् ओळ तपास: परत पाठवलेल्या बियाण्याची क्रेडिट नोट जमा आहे का, व्याज ठरल्या दरानेच लावलंय का. दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते, पण मुदतीच्या आत तू बाकी सही करून कबूल केली असशील तर त्या सहीपासून पुन्हा मोजतात.

दुकान तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणून तुला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. अर्ज यवतमाळला जिल्हा न्यायालयात. नादार ठरलास की मिळकत कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. घरातली भांडीकुंडी आणि कपडे सुटतात. शेतीची अवजारं, लागणारी जनावरं, बियाणं आणि घर मात्र त्याचंच सुटतं जो स्वतः वावर कसतो आणि ज्याचा संसार मुख्यतः शेतीवर चालतो. तुझं उत्पन्न दुकानाचं, तेव्हा हे सगळं वाचेलच असं धरून चालू नकोस. वावर तर सुटत नाहीच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा बोजा असेल तर बँक आपलं तारण वेगळं वसूल करू शकते. तुझ्या भावाने जामीन म्हणून सही केली असेल तर तू सुटलास तरी तो सुटत नाही.

डिस्ट्रिब्युटरकडे तुझे कोरे चेक आहेत का? चेक परत गेला तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर कलम १३८ ची फौजदारी केस होते. ती नादारीने संपत नाही.

आणि हे कळवळून सांगतो, वावर पोराच्या नावावर करू नकोस. फुकट दिलेली मिळकत नादारीच्या अर्जाआधीच्या २ वर्षांतली असेल तर कोर्ट ते हस्तांतर रद्द करू शकतं. एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन फेडलेलं शेवटच्या ३ महिन्यांतलं असेल तर तेही. अशी लपवाछपवी उघडी पडली की डिस्चार्ज, म्हणजे देण्यातून कोर्टाने केलेली सुटका, अडतो, शिक्षाही होऊ शकते.

डिस्चार्जच्या वेळी कोर्ट मागच्या ३ वर्षांच्या हिशेबाच्या वह्या नीट आहेत का बघतं. मिळकत बिनतारणी देण्याच्या रुपयाला आठ आणेही भरत नसेल तर, यात माझा दोष नाही, हे तुला पटवून द्यावं लागतं. म्हणून कोणत्या कास्तकाराने कधी, किती, कशासाठी उधार नेलं, याची सहीची पानं जपून ठेव. डिस्चार्ज मिळेपर्यंत ग्रामपंचायतीचं पदही धरता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दावा एकच आहे, अर्ज करू नकोस. लोकअदालतीत हप्ते माग. तडजोड झाली तर वादीला कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे तोही ऐकून घेतो. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. तेव्हा कापूस-सोयाबीनचे पैसे हातात येतात त्याच महिन्यांचे हप्ते ठरव, दरमहाचे नको. तडजोड जमलीच नाही तर हुकूमनामा (दाव्याचा निकाल) होण्याआधी कोर्टाकडेच हप्ते माग. हुकूमनाम्यानंतर वादीची संमती लागते.

चार-पाच जणांनी दावे लावले आणि जप्तीची दरखास्त आली, तर मात्र नादारीचा विचार करू. येत्या पेशीआधी समन्स, खातेउतारा, सातबारा आणि उधारीची वही घेऊन ये.

तुझा,
विनायक