आधी शटर मोज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाहेरची माणसं येऊन राहिली की वस्ती सुधारते की बिघडते, हा तुझा प्रश्न. मी म्हणेन, आधी दुकानांची शटर मोज. वस्ती रिकामी होऊ लागली की ती एकेक करून खाली येतात, आणि नवी माणसं आली की सगळ्यात आधी तीच वर जातात.

न्यूयॉर्कचंच बघ. 1970 ला लोकसंख्या सुमारे 79 लाख, 1980 ला 71 लाख. मधे 1975 ला शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. पण 1965 च्या अमेरिकी कायद्याने स्थलांतरितांवरचा देशवार कोटा उठला होता. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबं इतरांनी सोडलेल्या घरांत आणि गाळ्यांत शिरली. शहराच्या क्वीन्स भागातल्या रूझवेल्ट अव्हेन्यूवर वरून सात नंबरची रेल्वे धडधडत जाते, आणि तिच्याखाली अरुंद गाळ्यांची रांग. असा गाळा एकट्याला परवडत नाही. मग दारापाशी मोबाइल दुरुस्ती, मागे गावी पैसे पाठवायची खिडकी, कोपऱ्यात शिलाई मशीन, अशी पोटभाडेकरूंची व्यवस्था बसते. तिघांचे धंद्याचे तास वेगळे, त्यामुळे शटर उशिरापर्यंत वर. रात्री अकराला स्टेशनवरून एकटीने घरी चालणाऱ्या बाईला हा उजेड दिव्याच्या खांबापेक्षा जास्त कामाचा, कारण उजेडात माणूसही असतो.

भांडवल कुठून येतं? नव्या माणसाची पत बँकेला दिसत नाही. कोरियन लोक ‘के’ चालवतात, म्हणजे सरळ आपली भिशी. बारा जणांनी दरमहा हजार डॉलर घातले की दर महिन्याला एकाच्या हाती बारा हजार. पहिला उचलणाऱ्याला ते बिनव्याजी कर्ज, शेवटच्याला नुसती बचत. फसते ती एकाच जागी: कोणी लवकर उचलतो आणि पुढचे हप्ते चुकवतो. म्हणून नवख्याला शेवटचा नंबर द्यायचा, किंवा ओळखीचा जामीन मागायचा. कागद नसतो. त्यामुळे भांडण झालं तर कोर्टापेक्षा बदनामीचाच धाक जास्त.

इमारतींनाही हे लोक तगवून धरतात. लंडनच्या ब्रिक लेनवर 1743 ला फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, लोकांनी प्रार्थनागृह बांधलं. पुढे ते मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि 1976 पासून ती बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. भिंतीवरच्या सूर्यघड्याळावर 1743 सालापासून लॅटिनमध्ये कोरलंय, ‘आम्ही सावली आहोत’. त्याच भिंती, तेच मोठं दालन; वापर बदलू दिला म्हणून पाडायची वेळ आली नाही. गाळ्यांनाही अशीच ढील हवी. ‘इथे फक्त राहायचं, तिथे फक्त धंदा’ असले झोनिंगचे नियम इथेच नडतात. फुटपाथवरच्या विक्रेत्यांसाठी कॅलिफोर्नियाने 2018 ला कायदा केला, त्यामुळे आता तिथे फुटपाथवर विकणं हा फौजदारी गुन्हा नाही. मला तो शहाणपणाचा वाटतो.

आता वाईट बाजू, कारण नुसत्या कौतुकाने तुझं समाधान होणार नाही. भाडं भागवायला एका घरात दोन-तीन कुटुंबं राहतात, तळघरं बेकायदा भाड्याने जातात. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात 13 माणसं गेली, त्यांतली 11 तळघरांत. अशा खोलीला बहुधा बाहेर पडायची एकच वाट, आणि खाली उतरणारा जिना आधी पाण्याने भरतो. बाहेर उघडणाऱ्या तीन फुटी दारापाशी दोन फूट पाणी साठलं, तर दारावर 150 किलोहून जास्त वजनाएवढा रेटा येतो. आतून ते ढकलून बघ! भाडेकरू तक्रार का करत नाही? तपासणी झाली की घर खाली करायचा आदेश येणार, आणि सामान रस्त्यावर त्याचंच. कचऱ्याचंही तेच रडगाणं: कागदावर चार माणसं, राहतात दहा, डबे चारांचेच.

बरं, वस्ती गजबजली की मार कोणाला बसतो? ज्याने गजबजवली त्यालाच. न्यूयॉर्कमध्ये दुकानाच्या भाड्याला कायद्याने कमाल मर्यादा नाही. लीज संपलं की मालक नवा आकडा सांगतो आणि दुकानदार शटर ओढतो.

तेव्हा वस्ती बघायला जाशील तर रात्री दहानंतर जा. वीजमीटर किती आणि दारावरच्या घंटा किती, ते ताडून बघ; घंटा जास्त असतील तर आत कागदापेक्षा जास्त कुटुंबं असायची शक्यता. तळघराला दुसरी वाट आहे का, हेही पाहून घे. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी दोन शब्द बोल. त्याचं लीज कधी संपतंय, तेवढं विचार.

तुझाच,
जुना मित्र