मत मनातच ठेवायची सक्ती

संपादक महोदय,

‘तुमचं मत काय असायचं ते असू द्या, फक्त बोलून दाखवू नका.’ महसूल खात्यातल्या 31 वर्षांच्या नोकरीत हे मी ऐकत आलो. जुलै 2025 मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल निर्देश काढले. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही, असं त्यांत बजावलं आहे आणि कंत्राटी कर्मचारीही त्यातून सुटलेले नाहीत. तेव्हाही ‘विचारांवर कुठे बंदी आहे?’ असं समर्थन कानावर आलं. मला ते मुळीच पटत नाही. निवृत्त झालो म्हणून आता हे लिहिता तरी येतं.

कचेरीतली बंधनं मला मान्य आहेत. फेरफाराच्या नोंदीसाठी आलेल्या शेतकऱ्याला समोरचा कारकून कुठल्या पक्षाचा हे कळता कामा नये. कळलं, तर आपलं काम अडेल या धास्तीनेच तो अर्धा होतो. 1979 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावता येत नाही, तेही योग्यच. पण सुटीच्या दिवशी, माझ्या गावात, माझ्याच शेताच्या पाटपाण्याबद्दलही बोलायचं नाही?

2013 च्या दुष्काळात मी बोललो. चावडीपुढच्या सभेत, जेमतेम पाच मिनिटं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, वेळेवर का सुटत नाही, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी का पोचत नाही, एवढंच विचारलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिथल्या तिथे माझी चूकही दाखवून दिली, मागचं आवर्तन मी हिशेबात धरलंच नव्हतं. पंधरा दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा दिला, प्रकरण मिटलं. मी मात्र सभांना जाणं सोडलं. मग टपरीवर विषय निघाला की उठायला लागलो आणि शेवटी पाण्याच्या बातम्या वाचणंही सुटलं. बोलायचंच नाही, तर माहिती घेऊन करायचं काय? न बोलताही मत मनात शाबूत राहतं असं म्हणणाऱ्यांनी हे अनुभवलेलं नाही. त्या म्हाताऱ्यासारखं चूक दाखवणारं पुन्हा कुणी भेटलं नाही, कारण मी कुणासमोर काही मांडलंच नाही.

मत न सांगण्याचा हक्कही मोलाचा आहे. निवडणुकीच्या ड्युटीवर मतदाराच्या आडोशाकडे मी कुणाला फिरकू दिलं नाही. कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार कुणावरही करता येत नाही. पण तिथे गप्प राहायचं हे मतदार स्वतः ठरवतो. नोटिशीच्या भीतीने गप्प बसणं वेगळं. संविधानाच्या उद्देशिकेत ‘विचार’ आणि ‘अभिव्यक्ती’ हे शब्द शेजारी शेजारी आहेत, ते उगाच नाहीत. 1962 मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपाचा हक्क मान्य केला नाही, पण सरकारी नोकरांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा बिहारचा नियम टिकू दिला नाही. सरकारी नोकरीत आल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

म्हणून शासनाने नियमांतच लिहावं, की कामाच्या वेळेबाहेर, पक्षप्रचार न करता आणि आपल्या टेबलावरच्या प्रकरणांना हात न लावता मांडलेल्या मताबद्दल नोटीस निघणार नाही.

माझा पुतण्या तलाठी म्हणून नुकताच रुजू झाला आहे. परवा पारावर आवर्तनाचा विषय निघाला, तेव्हा तो काही न बोलता उठून घरी गेला.

– एक निवृत्त अव्वल कारकून, जि. सातारा