3 नंबरला चढायचं, 16 नंबरला उतरायचं

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, गाडी तुम्ही स्वतःच चालवत येणार हे ठरलंच आहे, तेव्हा रेल्वेची बाजू मी पुन्हा मांडत नाही. सोलापूर ते संगारेड्डी रस्ता तुम्हाला तोंडपाठ आहे. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद याबद्दल मी काय सांगणार! हे पत्र फक्त शेवटच्या चाळीसेक किलोमीटरसाठी आहे, म्हणजे हैदराबादच्या आउटर रिंग रोडसाठी. इथे सगळे त्याला ओआरआर म्हणतात. आजवर तुम्ही पटनचेरू, कुकटपल्ली करत शहरातून यायचात. आता घर शमशाबादला आहे, त्यामुळे शहरात शिरायचं कारणच नाही.

हायवेवर आयुष्य काढलेला माणूसच इथे जास्त गडबडतो, असं माझं मत आहे. हायवेवर रस्ता चुकला तर गाडी बाजूला घ्यायची, पानटपरीवर विचारायचं आणि पुढच्या कटमधून वळायचं, ही सवय हाडात भिनलेली असते. ओआरआरवर टपरी नाही, दुभाजकात कट नाही, विचारायला माणूस नाही. एकूण 158 किलोमीटरचं हे कडं शहराभोवती फिरतं, दोन्ही बाजूंना मिळून आठ लेन आहेत, आणि चढणं-उतरणं फक्त ठरावीक इंटरचेंजवर. दुचाकीला बंदी आहे. दोन्ही कडांना सर्व्हिस रोड सोबत धावतो, पण तो वेगळा रस्ता समजा; इंटरचेंज सोडून इकडून तिकडे जाता येत नाही. म्हणून इथला प्रत्येक निर्णय दोन किलोमीटर आधी घ्यायचा.

आता नंबर. प्रत्येक उतरण्याच्या जागेला एक्झिट नंबर आहे. आपण चढणार 3 वर, म्हणजे मुत्तंगीला, पटनचेरूच्या थोडं अलीकडे. उतरणार 16 वर, शमशाबादला. तीनानंतर चार, पाच येतील आणि मग कधीतरी सोळा, असं बाबांना वाटणार. तसं नाही. आपल्या दिशेने नंबर उतरत जातात: 3, मग 2 कोल्लूरकडचा, मग 1 कोकापेटचा. तिथे कडं पूर्ण होतं, म्हणून एकानंतर थेट 18, 17 आणि 16. मधला 19 हा नानकरामगुड्याचा, तो गच्चीबावलीकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे, आपल्या वाटेवर नाही. एकानंतर गच्चीबावलीचा फाटा सोडून शमशाबादच्या पाट्या धरायच्या. हे सहा आकडे आई, तू एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटव. पाट्या तू वाचायच्या, बाबांनी फक्त रस्ता बघायचा. चष्मा लांबचा घे, जवळचा पर्समध्ये राहू दे.

ओआरआरवर जाण्याआधी एक थांबा घ्याच. झहीराबाद सोलापूरपासून दोनशेच्या आसपास येतं. चहा, लघवी, गुडघे मोकळे करणं, सगळं तिथे किंवा फार तर सदाशिवपेटला. वर चढल्यावर ढाबा नाही आणि कडेला थांबायला परवानगी नाही. पुढे कंदीला आयआयटीचा मोठा परिसर दिसेल, मग रुद्रारम, मग इस्नापूर. इस्नापूरला कारखान्यांची वर्दळ असते, शिफ्ट सुटताना बसेस आणि रिक्षा कुठूनही घुसतात. तिथूनच डावी लेन धरा, कारण मुत्तंगीचा रॅम्प डावीकडून फुटतो. उजवीकडून ऐनवेळी आडवं येणं म्हणजे मागच्या कंटेनरला आमंत्रण.

रॅम्पवर टोलनाका आहे. इथली पद्धत आपल्या नाक्यांपेक्षा वेगळी आहे. चढताना फास्टॅग वाचून फक्त नोंद होते, उतरताना अंतराप्रमाणे पैसे कापतात. बाबा, तुम्ही काढलेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो, म्हणजे फुलवाडी, तलमोडला तुमचं काम होईल. ओआरआर राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे, तिथे तो पास चालत नाही आणि टॅगमधले साधे पैसे जातात. पास काढला म्हणून बरेच लोक टॅगमध्ये शिल्लकच ठेवत नाहीत आणि मग उतरण्याच्या नाक्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकत बसतात. निदान पाचशे रुपये ठेवा, आणि रिचार्ज आदल्या रात्री करा. रांगेत उभं राहून भरलेले पैसे नाक्याच्या यंत्रापर्यंत वेळेत पोचतीलच असं नाही.

टोल ओलांडला की रस्ता दोन बाजूंना फुटतो. एक मेडचलकडे, उत्तरेला, दुसरा गच्चीबावली-शमशाबादकडे. आपल्याला शमशाबाद. इथे चुकलात तर घाबरायचं नाही. पुढचा 4 नंबर सुलतानपूरचा आहे, तिथे उतरायचं आणि परत चढायचं. जास्तीचा टोल आणि थोडा वेळ जाईल, बस.

मग गाडी मुख्य रस्त्याला मिसळायची. रॅम्पच्या शेवटी एक लांबट पट्टा असतो, तो वेग वाढवण्यासाठीच दिलेला आहे. बाबा, तुम्ही अशा ठिकाणी थांबून मान वळवता आणि वाट मोकळी झाली की निघता. गावातल्या रस्त्याला ते बरोबर आहे, इथे धोकादायक. मागून ताशी 90 ने येणारा ट्रक सेकंदाला 25 मीटर कापतो. तुम्ही उभ्या गाडीतून सुरुवात केली तर तो तुमच्या डिकीत येईल. पट्ट्यावरच तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये 70-80 पर्यंत वेग न्या, उजवा इंडिकेटर, आरशात बघा, एकदा खांद्यावरून बघा आणि मोकळ्या जागेत शिरा.

लेनचं असं आहे. उजवीकडच्या दोन लेनमध्ये 100 ते 120, डावीकडच्या दोनमध्ये 80 ते 100. तुम्ही डावीकडून दुसरी लेन धरा आणि 85-90 वर स्थिर राहा. अगदी डावीकडच्या लेनमध्ये जड वाहनं असतात आणि प्रत्येक इंटरचेंजला गाड्या आत-बाहेर होतात. अगदी उजवीकडची लेन मोकळी दिसते म्हणून मोह होतो, पण दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर तिथेच रांगत असतो आणि लांबून तो चालतोय की उभा आहे ते कळत नाही. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा: ती एखाद्या खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणायचं, तोवर आपण खांबापाशी पोचता कामा नये. 90 ला हे अंतर 75 मीटर होतं. मधे कोणी घुसलं तर घुसू द्या आणि पुन्हा अंतर पाडा.

कोकापेट गेलं की मुसी नदीचा पूल लागेल आणि 17 नंबरच्या आसपास ईसी नदीचा. नदी म्हणावी असं पाणी एरवी दिसत नाही. पण बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: 1908 च्या मुसीच्या पुरात हैदराबादची दैना झाली, त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने वरच्या अंगाला धरणं बांधली. मुसीवर उस्मानसागर, ज्याला इथे गंडीपेट म्हणतात, ते 1920 मध्ये. ईसीवर हिमायतसागर 1927 मध्ये. दोन्हींच्या खालच्या अंगानं हा रस्ता जातो. पावसाळ्यात दरवाजे उघडले की सर्व्हिस रोडवर पाणी येतं आणि तो बंद करतात. आपला रस्ता वरून असतो, पण मॅप अशा दिवशी भलतं काही सुचवू लागला तर त्याच्या मागे खाली उतरू नका. आणि तलाव बघायला पुलावर थांबायचं नाही, आई! इतर लोक फोटो काढत उभे दिसतील, तरी नाही.

पुलावर दोन गोष्टी होतात. सांध्यांवर चाक धडकन वाजतं, त्याने दचकून ब्रेक मारू नका. आणि मोकळ्यात वारा आडवा लागतो, विशेषतः शेजारून बस निघून गेल्यावर. स्टिअरिंग दोन्ही हातांत असलं की पुरे. पाऊस असेल तर वेग 60-70 वर आणा. साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगतंय असं समजा: ब्रेक नाही, वळवणं नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडून सरळ जाऊ द्या. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जायची आपल्याकडे फॅशन आहे, ती करू नका. मागच्याला तुम्ही लेन बदलताय की नाही तेच कळत नाही. हेडलाइट लावा.

आता मुख्य काम, उतरणं. एक्झिटची पाटी सहसा दोन किलोमीटरवर, मग एकवर, मग पाचशे मीटरवर येते. 90 च्या वेगाने दोन किलोमीटर म्हणजे 80 सेकंद, पाचशे मीटर म्हणजे फक्त 20. 17 नंबर मागे पडला की लगेच डाव्या लेनला जा आणि तिथेच राहा. पण वेग मुख्य रस्त्यावर कमी करायचा नाही. डावीकडे जादा पट्टा सुरू झाला की त्यात पूर्ण शिरा आणि मग ब्रेक. लोक उलटं करतात: मुख्य लेनमध्येच 50 वर येतात आणि मागचा ट्रक ढकलल्यासारखा अंगावर येतो.

जिथे रॅम्प आणि रस्ता वेगळे होतात तिथे जमिनीवर तिरके पांढरे पट्टे असलेला त्रिकोण असतो आणि त्याच्या टोकाला कठड्याचं तोंड. त्या जागेकडे नीट लक्ष द्या. तिथे टायरचे काळे ओरखडे दिसतात, ते शेवटच्या क्षणी मन बदललेल्यांचे. कोणी रॅम्पवरून पट्टे तुडवत परत मुख्य रस्त्यावर येतो, कोणी तिसऱ्या लेनमधून आडवा एक्झिटला घुसतो, आणि कोणी चक्क त्रिकोणात गाडी उभी करून मोबाइल बघतो. त्रिकोण सुरू झाला म्हणजे निर्णय झाला. 16 हुकला तर सरळ पुढे 15 ला, पेद्दा गोलकोंड्याला उतरा आणि मला फोन करा. रिव्हर्स घेणं, शोल्डरवरून उलटं येणं, हे इथे बघायला मिळतं. आपण ते करायचं नाही, मागे रस्ता कितीही मोकळा दिसला तरी.

रॅम्पचं वळण गोल आणि आवळतं असतं. अर्धा तास 90 ने चालवल्यावर 60 सुद्धा रांगल्यासारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका, काट्याकडे बघा: वळणाआधी 40. वळणात ब्रेक दाबला तर गाडी बाहेर फेकल्यासारखी होते, डिकीत चटण्या, भाकरी आणि पाण्याचे कॅन असतील तर जास्तच.

मॅपची एक खोड लक्षात ठेवा. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड इतके जवळ आहेत की फोनला कधीकधी तुम्ही खालच्या रस्त्यावर आहात असं वाटतं, आणि बाई एकदम 'यू-टर्न घ्या' म्हणू लागते. दुर्लक्ष करा. आईच्या कागदावरचे आकडे खरे.

गाडी बंद पडलीच तर जमेल तितकं डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, दोघंही डाव्या दारानं उतरा आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहा. गाडीत बसून मदतीची वाट बघायची नाही. त्रिकोणी रिफ्लेक्टर पन्नास मीटर मागे ठेवायचा, पण रहदारी जोरात असेल तर तो ठेवायला चालत जाऊ नका. हैदराबाद हायवेवर 1033 लागतो. ओआरआरवर 112 लावा आणि शेवटचा दिसलेला एक्झिट नंबर सांगा.

निघण्याआधी टायरचं बघा. हवा थंड टायरमध्ये, सकाळी, घराजवळच्याच पंपावर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो घ्या. स्टेपनीतही भरा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर आधीच तडकतं आणि सलग वेगात तेच फुटतं.

सहाच्या आत घर सोडा. कांद्याचा हंगाम असला तर मार्केट यार्डापुढे हैदराबाद रोडवर गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांत पाचला निघा. परतीला आकडे उलटे: 16, 17, 18, मग 1, 2 आणि 3 ला उतरून संगारेड्डीची बाजू. हाही कागद आईने आत्ताच करून ठेवावा.

16 च्या टोलला पैसे कापले की फोन करा. नाक्यापाशी थांबू नका, पुढे पहिला पेट्रोल पंप लागेल त्यात आत घ्या. मी तिथे येते.

तुमची,
धाकटी