सातबारावर नाव कुणाचं ते आधी बघा

मा. संपादक,

टॉवरच्या पानभर जाहिराती तुमच्या पेपरात रोज असतात, जुन्या रीसेल घराबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही म्हणून हे लिहितेय. आम्ही मागच्या वर्षी डोंबिवली पूर्वेला टिळकनगरकडे वन बीएचके घेतला. बिल्डिंग 1984 ची, तळ अधिक तीन, लिफ्ट नाही आणि आमचा तिसरा मजला, म्हणून बजेटात बसला. खिडकीत बदामाचं झाड, दुपारी गल्लीत भांडी घासल्याचा आवाज सोडला तर काही नाही, आणि स्टेशनला चालत जाता येतं. आम्ही तिथेच भाळलो, टाइल्स बघितल्या, नळ सोडून बघितले, कागद राहिले बाजूला.

मग एक बँक म्हणाली बिल्डिंग जुनी, दुसरी म्हणाली कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून दिल्याचा दस्त, आणा. नवऱ्याने पंधरा रुपये भरून ऑनलाइन सातबारा काढला तर जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर, सोसायटीचा पत्ताच नाही! सेक्रेटरी काका म्हणे, "चाळीस वर्षं कुणाचं अडलं नाही, तुमचंच काय अडतंय?" अहो पण उद्या रीडेव्हलपमेंट आलं की सगळ्यांचंच अडणार ना. इतक्या जुन्या घरात आपण खरं तर जमिनीतल्या हिश्श्याचेच पैसे मोजतो. हे कळल्यावर आम्ही भाव पाडून घेतला आणि तिसऱ्या बँकेने कमी का होईना पण लोन दिलं.

1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे (फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा कायदा) सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं. नाही दिलं तर 2008 च्या दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो (सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण, हे वाचूनच निम्मे लोक फाइल मिटत असतील). बिल्डर गायब असला तरी चालतं. पण आमच्यासारख्या जुन्या सोसायट्या करतच नाहीत. ट्रान्सफर फी मात्र न विसरता मागतात, तीही 25,000 ची मर्यादा असताना वर "डोनेशन" वेगळं.

शेवटी जनरल मीटिंगमध्ये मीच विषय काढला. सोळापैकी अकरा जण तयार झाले, आता प्रत्येकाचं मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि स्टँप ड्युटीचे कागद गोळा करतोय. दोघांचे सापडत नाहीयेत आणि तळमजल्यावरच्या आजींचं अ‍ॅग्रीमेंट माळ्यावर वाळवीने खाल्लंय, त्याची सर्टिफाइड कॉपी मिळते का बघायला सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसला जातेय.

– एक वाचक, डोंबिवली पूर्व