डायनोला इंजिन जोडताना आधी शाफ्ट पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना मोटरसायकलचे इंजिन डायनोवर, म्हणजे इंजिनवर भार देऊन त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चालवल्याशिवाय ट्यूनिंगला हात घालता येत नाही. नियमाप्रमाणे 20 मिमीचा रिस्ट्रिक्टर (आत जाणारी हवा अडवणारे अरुंद तोंड) बसला की हवेचा हिशेबच बदलतो आणि कंपनीच्या मॅपवर, म्हणजे इंधन व ठिणगीच्या ठरवलेल्या तक्त्यावर, विसंबता येत नाही. नवा डायनो लाखांच्या घरात जातो. पण अनेक अभियांत्रिकी कॉलेजांच्या लॅबमध्ये मारुती 800चे तीन सिलिंडरचे इंजिन एडी करंट (विजेच्या चुंबकीय ब्रेकच्या) डायनोला जोडलेले असते. प्रात्यक्षिके झाली की तो संच झाकून ठेवतात. कोल्हापुरातल्या विभागप्रमुखांनी तो या विद्यार्थ्यांना वापरू द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. मात्र जोडणी कशीबशी करून चालणार नाही.

पहिले काम डायनोची नेमप्लेट वाचण्याचे. त्यावर पॉवर, टॉर्क (पिळाचा जोर) आणि आरपीएम (मिनिटाचे फेरे) या तिन्हींच्या मर्यादा असतात. त्याच लॅबमधला 1500 आरपीएमच्या सिंगल सिलिंडर डिझेलचा डायनो मोजक्या किलोवॉटचा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. बाइकचे 373 सीसीचे सिंगल सिलिंडर इंजिन 30 किलोवॉटच्या आसपास देते आणि ही सगळी पॉवर उष्णता होऊन डायनोच्या पाण्यात उतरते. पाणी 20 अंशांनी तापू द्यायचे ठरवले तरी मिनिटाला 21-22 लिटर प्रवाह लागतो. अर्ध्या इंची नळाच्या भरवशावर हे होत नाही. टाकी आणि पंप हवाच.

बाइकचे इंजिन क्रँककडून जोडता येत नाही, जोड गिअरबॉक्सच्या बाहेरच्या, स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) शाफ्टलाच द्यावा लागतो. म्हणून गिअर कोणता, हा प्रश्न येतो. प्रायमरी (क्रँक ते क्लच) गुणोत्तर 2.67 आणि सहावा गिअर 0.84 धरला तर एकूण गुणोत्तर 2.24 होते. इंजिन 9000 आरपीएमला असताना शाफ्ट साधारण 4000ला फिरतो आणि इंजिनचा 37 न्यूटन मीटर टॉर्क तिथे 83 होतो. हे मारुतीच्या संचाला सहसा पेलते. हेच पहिल्या गिअरमध्ये केले तर 260च्या वर जाते आणि हब (शाफ्टवर बसणारा जोडतुकडा) किंवा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा) तुटतो. डायनोवरच्या टॉर्कला 2.24ने भागून इंजिनचा टॉर्क काढतात, पण त्यात गिअरबॉक्समधला घर्षणाचा तोटा आधीच वजा झालेला असतो. दोन संघांच्या आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

आता जोड. स्प्रॉकेटला थेट फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) वेल्ड करण्याचा मोह टाळावा. स्प्रॉकेटचे पोलाद हार्ड केलेले असते, वेल्डच्या कडेला तडा जातो. ईएन 24 या मजबूत पोलादाचा हब करून आत स्प्लाइन (शाफ्टच्या दात्यांत बसणाऱ्या खाचा) वायरकटने, म्हणजे विजेच्या तारेने कापून, काढावी. उद्यमनगरात हे काम उत्तम होते. फ्लँजला स्पिगॉट (समोरच्या खाचेत घट्ट बसणारा गोल उंचवटा) ठेवावा, म्हणजे मध्य जुळवणे बोल्टांवर अवलंबून राहत नाही. रनआउट (फिरताना होणारा डगमग) डायल गेजने पाहावा, 0.05 मिमीच्या आत हवा.

मारुतीच्या संचातला, इंजिन आणि डायनो जोडणारा प्रोपेलर शाफ्ट तसाच वापरता येतो, पण सिंगल सिलिंडर इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देते. ते झटके क्रॉसवर जाऊ नयेत म्हणून मध्ये रबर कपलिंग हवे. दोन्ही क्रॉसचे यॉक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आणि दोन्हीकडचा कोन सारखा, 1 ते 3 अंश ठेवावा. शून्य अंश ठेवला तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि तिथेच खळगे पडतात. शाफ्टला सरकता स्प्लाइन जोड नसेल, तर इंजिन तापल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर दाब येतो. पूर्ण लांबीचा लोखंडी गार्ड जमिनीला बोल्ट केल्याशिवाय स्टार्टर दाबू नये, इथे तडजोड नाही.

आपल्याकडचा खरा धोका विजेचा. वीज गेली की एडी करंट डायनोचा ब्रेक क्षणात सुटतो आणि पूर्ण थ्रॉटलवरचे इंजिन लिमिटरला (कमाल वेगाच्या मर्यादेला) जाऊन आदळते. इग्निशनचा रिले डायनोच्याच सप्लायवर घ्यावा, म्हणजे दोन्ही एकदम बंद होतात. पाण्याचा फ्लो स्विचही त्याच मालिकेत टाकावा.

सुरू करताना इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने फिरवत सहावा गिअर टाकावा, मगच गार्ड बसवावा. क्लच दाबून स्टार्ट करावे आणि लोड शून्य असताना क्लच सावकाश सोडावा. साधारण 3500च्या खाली पूर्ण थ्रॉटल देऊ नये, झटक्यांनी रबर फाटते. रेडिएटरपुढे मोठा पंखा आणि धूर थेट बाहेर नेणारा पाइप लागतोच.

लोडसेल (डायनोचा जोर मोजणारा सेन्सर) डायनोच्या आर्मवर वजने टांगून, चढत्या आणि उतरत्या क्रमाने तपासावा. अर्ध्या मीटरच्या आर्मवर 10 किलो म्हणजे 49 न्यूटन मीटर. बाइकचे इंजिन बसवताना फिरण्याची दिशा उलटी होऊ शकते. तसे झाले तर त्या बाजूने पुन्हा अशीच वजने टांगून कॅलिब्रेशन करावे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथला प्रत्यक्ष हवेचा दाब 950 मिलिबारच्या जवळपास असतो, मोबाइल मात्र समुद्रसपाटीला आणलेला 1010 दाखवतो. मोजलेली पॉवर प्रमाण हवामानाला आणण्याच्या सूत्रात तो आकडा घातला तर दुरुस्त केलेली पॉवर सहा टक्क्यांनी कमी येते आणि विद्यार्थी नसलेला दोष इंजिनात शोधत बसतात. फिजिक्सच्या लॅबमधला फोर्टिनचा (पाऱ्याचा) बॅरोमीटर जागेवरचा दाब मोजायला पुरेसा आहे.

आपले,
इंजिन टेस्टिंगच्या कामातील काही अभियंते,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर