मॅडम, तुम्ही तिला उचललं नाहीत

मॅडम, नमस्कार.

परवा एकट्या सेविकेवर चालणाऱ्या आमच्या मिनी अंगणवाडीला मदतनीस मिळाली. म्हणजे आता ती मिनी राहिली नाही, पूर्ण झाली. पाड्यावर पेढे वाटले. सगळे खुशीत होते आणि मी हापशीमागे जाऊन रडून घेतलं. तुमची बदली झाल्यापासून गाठ नाही, जुना नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेल.

तुम्ही यायच्या आधी तीन वर्षं आम्ही बाया अंगणवाडीसाठी अर्ज घेऊन फिरत होतो. एका साहेबांनी अर्ज न उघडताच विचारलं, "माणसं किती तुमच्या पाड्यावर?" म्हटलं, 212. "300 लागतात. आधी पोरं वाढवा, मग या." स्वतःच हसले, शेजारचे दोघंही हसले. आदिवासी भागात 150 वस्तीलाही मिनी अंगणवाडी देता येते, हे त्या खोलीत आम्ही सोडून सगळ्यांना माहीत असणार. दुसऱ्या एकाने नकाशावर पट्टी ठेवली आणि सांगितलं, गावातली अंगणवाडी एक किलोमीटरवर आहे, तुमची सोय झालेलीच आहे. पट्टीखाली आमचा ओढाही गेला आणि चढही.

मग 2018 च्या पावसाळ्यात तुम्ही आमच्या बीटला, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांवर देखरेख करायला, नव्या मुख्यसेविका म्हणून आलात. आम्हाला वाटलं, आणखी एक सही करून जाणारी. तुम्ही विचारलंत, "तीन वर्षांचं पोर कुणाचं आहे?" माझी धाकटी पुढे केली. तुम्ही तिच्या हातात आपलं बोट दिलंत आणि म्हणालात, "चल, गावातली अंगणवाडी दाखव मला."

मी मागून चालत होते. दहा पावलांवर ती चतुर किड्याच्या मागे लागली. तुम्ही थांबलात. करवंदीच्या जाळीत चप्पल अडकली, तिची तिलाच काढू दिलीत. ओढ्यातल्या दगडांवर ती घाबरली, मी धावले, तर तुम्ही हातानेच मला मागे राहायला सांगितलंत. पलीकडे गेल्यावर तिने चिखलातच बसकण मारली. उचलून घ्या म्हणून हात वर केले. तुमचा जीव तुटत होता, दिसत होतं मला. पण तुम्ही उचललं नाहीत. कडक इस्त्रीच्या साडीसकट तिच्या शेजारी बांधावर बसलात आणि म्हणालात, "दमलीस ना? मीपण दमले." ती उठली तेव्हाच तुम्ही उठलात.

गावात पोचल्यावर घड्याळ बघून वहीत लिहिलंत: 52 मिनिटं.

मॅडम, तो एक किलोमीटर तीन वर्षांच्या पावलांनी मोजलेला मी पहिल्यांदाच बघितला. पुढे कागद कुठे कुठे फिरले ते मला कळलं नाही, कळून घ्यायचंही नाही. त्या 52 मिनिटांवर मंजुरी झाली असं मी धरून चालते.

अंगणवाडीच्या जागेवरून पाड्यात भांडणं लागली, तेही आठवत असेल. पुढाऱ्यांना ती रस्त्याकडेला हवी होती, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना पाटी दिसावी म्हणून. तुम्ही सकाळी सातलाच येऊन बसलात, पोरं आपली आपण कुठे जमतात ते बघायला. ती जमली मोहाच्या झाडाखाली, आणि अंगणवाडीही तिथेच झाली. आम्ही वीटभट्टीवर किती वाजता निघतो, दिवाळीनंतर किती घरं बंद होतात, पोरं घरात कुठली बोली बोलतात, सगळं बायांना विचारलंत. पुरुष मध्ये बोलायला लागले की तुम्ही वहीत मान घालायचात. आम्ही नंतर खूप हसायचो त्यावर.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या माणसाला कोसबाड सांगावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला लहान पोरांच्या शिक्षणाच्या कामाला लागल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरं शाळेत येत नाहीत तर बालवाडीच पाड्याच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही काढली. सरकारची अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे अंगणवाडी हे नावच आमच्या मातीत रुजलेलं, आणि आमच्याच पोरांनी तिच्यासाठी ओढा ओलांडायचा! त्या पट्टीवाल्या साहेबांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

चांगली माणसं असतात हो. एसटीत जागा देणारी असतात, दवाखान्यात आपला नंबर सोडणारी असतात. पण खुर्चीवर बसल्यावरही तसंच राहणारं माणूस मी एकच बघितलं. तुम्हाला वरून कुणी शाबासकी दिली असेल असं वाटत नाही. वहीतल्या मिनिटांची शाबासकी कोण देतं?

धाकटी आता चौथीत आहे. तुमचा चेहरा तिला आठवत नाही, पण बांधावर कुणीतरी शेजारी बसलं होतं एवढं आठवतं, असं म्हणते. मी सांगून सांगून आठवत असेल, कुणास ठाऊक.

एकदा या, मॅडम. ओढ्यावर साकव झालाय. साडी साधी नेसून या, पोरं मोहाखालच्या चिखलातच बसवतील तुम्हाला.

तुमची,
पाड्यावरची एक आई