चेहऱ्यावर सुटणाऱ्या वळ्या मळाच्या नव्हेत

महोदय,

सीरम, त्यावर मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन लावताना बोटांखाली खोडरबराच्या चुऱ्यासारख्या पांढरट वळ्या सुटू लागतात, हा अनुभव आता अनेकांच्या परिचयाचा आहे. आपल्या पुरवणीत त्वचेच्या निगेविषयी नियमित मजकूर येतो, म्हणून या बाबतीतला एक रूढ गैरसमज दूर व्हावा यासाठी हे पत्र लिहीत आहे. या वळ्या म्हणजे साचलेला मळ, अशी समजूत करून घेऊन लोक त्या निघून जाईपर्यंत चेहरा चोळत राहतात. मीही कित्येक महिने तेच केले. नाकाच्या कडा आणि गाल लाल होऊन चुरचुरू लागले. वळ्या मात्र थांबल्या नाहीत.

शेवटी एकदा मी तेच सीरम स्वच्छ पुसलेल्या काचेवर पसरले, ते अर्धवट सुकल्यावर वर सनस्क्रीन लावले आणि बोट फिरवले. काचेवरही तशाच वळ्या सुटल्या. काचेला कसला आला मळ?

खरे कारण या उत्पादनांच्या घडणीत आहे. दाटपणा यावा म्हणून त्यांत कार्बोमर किंवा झँथन गमसारखे घटक घालतात, मऊ स्पर्शासाठी डायमेथिकोनसारखी सिलिकोन असतात आणि अनेक सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूडही असते. दाटपणा देणारे घटक सुकताना त्वचेवर पातळ पापुद्रा तयार करतात. तो नीट बसण्याआधीच वरून दुसरा थर चोळला, की पापुद्रा उचलला जातो, त्यात पूड अडकते आणि त्याची वळी होते. कार्बोमरच्या जेलची घडी तर क्षारांनीही मोडते, त्यामुळे घामाने भिजलेल्या चेहऱ्यावर ते लवकर फुटते. मृत त्वचा साचून खरखरीत झालेल्या भागावर वळ्या अधिक सुटतात हे खरे, पण म्हणून रोज स्क्रब घासणे हा उपाय नव्हे. ‘मृत त्वचा डोळ्यांदेखत निघते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या अनेक पीलिंग जेलमध्ये दिसणारे कणही बहुतांशी त्या जेलमधील घटकांच्याच गुठळ्या असतात, हेही वाचकांना कळायला हवे.

उपाय साधे आहेत. थरांची संख्या कमी करावी. सकाळी एक मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन बहुतेकांना पुरते. पातळ उत्पादन आधी व दाट नंतर लावावे, सीरमचे दोन-तीन थेंबच घ्यावेत आणि प्रत्येक थर हाताला ओलसर किंवा चिकट लागेनासा होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. सर्वांत मोठा फरक हाताच्या पद्धतीने पडतो: गोलगोल चोळण्याऐवजी एकाच दिशेने पसरून तळव्याने हलके दाबावे. पाण्यावर आधारित उत्पादन सिलिकोनवर कधीच बसत नाही, असा सरसकट नियम सांगितला जातो, तो मला पटत नाही. कोणती जोडी जमत नाही हे मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्यास काही मिनिटांत कळते.

सनस्क्रीनच्या बाबतीत मात्र हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा राहत नाही. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढे सनस्क्रीन लावून मोजलेला असतो. वळ्या सुटल्या की तो थर जागोजागी फाटतो, आणि त्या सुटू नयेत म्हणून पुष्कळजण सनस्क्रीनच निम्मे लावतात. दोन्ही प्रकारांत संरक्षण घटते. कपात करायचीच असेल, तर ती खालच्या सीरममध्ये करावी, सनस्क्रीनमध्ये नव्हे.

उत्पादकांनी वेष्टनावर केवळ ‘चेहऱ्यावर लावा’ असे न छापता किती प्रमाणात लावावे, पुढचा थर किती वेळाने द्यावा आणि उत्पादन चोळावे की दाबून बसवावे, हेही स्पष्ट लिहावे. आपल्या पुरवणीलाही विनंती आहे, की आठ-दहा थरांची दिनचर्या सुचवताना त्यासोबत या सूचना आवर्जून छापाव्यात.

आपली एक नियमित वाचक